आमच्या साडूंची हवा

माझ्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात जन्माला आलेला नाही, आणि आला असलाच तर त्याच्या जन्मवेळेवर आमच्या साडूंनी हरकत घेतलेली असणार. गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, हा संशय माणसांवरचा नव्हे. माणसांच्या बाबतीत ते इतके भोळे आहेत की दारावर आलेल्या कोणीही त्यांच्या गळ्यात काहीही बांधून जावं. त्यांच्या माळ्यावर न चालणारे मिक्सर एकावर एक रचून ठेवलेले आहेत. त्यांचा संशय फक्त आकड्यांवर. कोणी काही मोजलं असं कानावर आलं की हे सावरून बसतात. कशानं मोजलं, कुठं मोजलं, आणि मोजायच्या आधी काय करत होता, हे विचारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. एकदा माझी बायको तापानं फणफणली होती. रिक्षा मिळेना म्हणून मी घाबराघुबरा होऊन यांना गाडी घेऊन बोलावलं. आले, थर्मामीटर डोळ्यांजवळ धरून आकडा वाचला आणि तिलाच विचारलं, "अक्का, मोजायच्या आधी चहा घेतला होता का तुमी?" ती बिचारी हो म्हणाली. "मग हे बाद," असं म्हणून थर्मामीटर झटकून घड्याळ लावून बसले! दवाखान्यात आम्ही निघालो ते दुसऱ्यांदा मोजून झाल्यावर. ताप होताच, उलट आणखी चढला होता. "आता ग्राह्य," साडू समाधानानं म्हणाले, "चला." त्या दिवशी मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हा रोग त्यांना नोकरीतून जडला. पूर्वी ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते तेव्हा बरे होते. पुढे हवा मोजायचं कंत्राट घेतलेल्या एका खासगी कंपनीत लागले. या कंपनीनं शहरात ठिकठिकाणी गच्च्यांवर डबे बसवलेले होते. हे डबे नळीनं हवा आत ओढतात, तिच्यात धूळ किती, धूर किती, वारा कुठून कुठं, हे मोजतात आणि आकडे कार्यालयातल्या संगणकावर धाडत राहतात. ते आकडे तपासायचे आणि तपासून पुण्याच्या मुख्य कार्यालयाला पाठवायचे, हे साडूंचं काम. या पाठवण्याला त्यांच्यात एक्स्पोर्ट म्हणतात. झालं! आमच्या सासूबाईंनी अक्कलकोटात गल्लीभर सांगितलं की धाकटे जावई एक्स्पोर्टला लागले. आता सोलापूरच्या मुलखात एक्स्पोर्ट म्हटलं की टॉवेल, दुसरं काही नाही. माझं नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान. एक टॉवेल खपवायला मी घसा कोरडा करतो, गिऱ्हाईक तो उलगडतं, हुंगतं, चुरगाळतं आणि ठेवून जातं. आणि हा कालचा माणूस परदेशी कंटेनर धाडायला लागला! सासुरवाडीच्या पंगतीत त्यांचं ताट माझ्या आधी वाढलं जाऊ लागलं, मी थोरला जावई असून. शेवटी न राहवून एका पंगतीत मी विचारलंच, माल कुठं जातो? म्हणाले, "पुण्याला." माल काय असतो? "आकडे." हे मी सासूबाईंना नीट समजावून सांगितलं. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "असं जळू न्हाई वो, जावईबापू." ताट अजून त्यांचंच आधी वाढतात.

तर तपासलेल्या प्रत्येक आकड्यापुढे त्यांना शिक्का द्यावा लागे. यंत्र बिघडलं, वीज गेली, नळीत गांधीलमाशीनं घर केलं की आकडा बाद. एकाएकी उसळला आणि आसपासच्या डब्यांनी त्याला साथ दिली नाही की संशयित. उरलेला ग्राह्य. कार्यालयात हे ठीक आहे हो, पण घरी? मेहुणीनं जेवताना विचारावं, आमटी कशी झालीय, तर हे म्हणणार, "मीठ कालच्यापेक्षा एकदम चढलंय. उद्याबी असंच लागलं तर खरं धरू." ती बाई एवढी वर्षं कशी नांदली याचं मला नवल वाटतं. माझ्या दुकानात तर त्यांनी कहरच केला. ऐन लगीनसराईत, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, माझी कापड मोजायची लोखंडी पट्टी त्यांनी उचलली, बोटानं टोक चाचपलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अण्णा, ही झिजलीय की वो!" पट्टी वडिलांच्या वेळची, झिजली असेल केसभर. ते गिऱ्हाईक जे उठलं ते समोरच्या दुकानात जाऊन बसलं. साडूंचा चेहरा मात्र असा, की जणू त्यांनी माझ्यावर उपकारच केले.

आणि ऊन! सोलापूरकराजवळ मिरवायला आहे काय? चादर आहे, शेंगाचटणी आहे आणि ऊन आहे. उन्हाळ्यात चौकात पानाच्या टपरीवर आम्ही चार माणसं जमतो आणि मोबाईलवर आकडे दाखवून एकमेकांना घाबरवतो. तेवढाच विरंगुळा. त्या दिवशी एकानं घराच्या पत्र्यावर थर्मामीटर ठेवून फोटो काढून आणला होता, आकडा असा की डोळे विस्फारावेत. आम्ही धन्य होऊन बघतोय, तेवढ्यात साडू आले. "पत्र्यावर ठेवलं होतं? मग हा पत्र्याचा ताप झाला, गावाचा न्हवं. हवा सावलीत मोजतात." असं म्हणून त्यांनी आमच्या उन्हातून कितीतरी अंश काढून घेतले आणि पान लावायला सांगितलं. आम्ही भाजून निघतोय, घामानं भिजलोय, आणि हा माणूस आम्हाला सांगतोय की तुम्ही समजता तेवढं काही भाजत नाहीये! जन्मगावाचं ऊनसुद्धा ज्याला सोसवत नाही, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून सोसवत नाही, अशा माणसाशी नातं सांगायची मला लाज वाटायची. पुढे भवानी पेठेचं प्रकरण झालं नसतं तर आजही वाटली असती.

माझं घर भवानी पेठेत. गल्लीच्या टोकाला एक जुनी शाळा आहे, तिच्या गच्चीवर कंपनीचा एक डबा होता. या डब्याचा धुराचा आकडा रोज संध्याकाळी उसळी मारायचा आणि दिवेलागणीनंतर निमूट खाली यायचा. गावातले बाकीचे डबे त्या वेळी गप्प. नियमाप्रमाणे आकडा संशयित, आणि संशयिताची कोणी दखल घेतली नाही तर महिनाअखेर तो आपोआप बाद. पुण्याचे साहेब तर साडूंच्या मागेच लागले होते, बाद करा आणि मोकळे व्हा, आपला सगळा अहवाल एका डब्यामुळे काळा दिसतोय. दुसऱ्या कोणी कळ दाबली असती आणि घरी जाऊन जेवला असता. साडू म्हणाले, "साहेब, संशयित म्हणजे गुन्हेगार न्हवं. चौकशी नको व्हय?" आणि चौकशीसाठी त्यांनी कोणाला धरावं? मला. कारण पेठ माझ्या ओळखीची. दुकान पोरांवर टाकून, भर लगीनसराईत, मी शाळेच्या गच्चीवर एका डब्याशेजारी उकिडवा बसलो. साडूंनी नळी हुंगली, डब्याला कान लावला, आपला रुमाल हवेत धरून वारा बघितला. मी म्हटलं, हे आधीच मोजतंय ना यंत्र? "यंत्र मोजतंय. म्या यंत्राला मोजतोय," म्हणाले. एवढ्यात शाळेच्या भिंतीपलीकडून धुराचा लोट उठला आणि आम्हा दोघांना ठसका लागला.

भिंतीपलीकडे पत्र्याची एक लांबट शेड आहे. तिथं बायका कडक भाकऱ्या करतात. सोलापूरची कडक भाकरी, म्हणजे चुलीवर भाजून, मग धगीशी सुकवून पापडासारखी कडकडीत केलेली. महिनोन्महिने टिकते आणि आता तर दूरदूर जाते. खरा एक्स्पोर्ट तिथं चालतो. आम्ही आत गेलो तर आधी काही दिसेचना. ओळीनं चुली पेटलेल्या, वर पत्रा, धुराला जायला दाराखेरीज वाट नाही. त्या धुरात बायका भाकऱ्या थापत होत्या, बोलत होत्या, हसतही होत्या. त्यांची मुकादम मल्लव्वा, पदर नाकाला लावून उठली आणि विचारती झाली, "कोण पायजे?" आता अशा वेळी माणसानं जरा जपून बोलावं. साडूंनी सरळ सांगितलं, "बाई, तुमच्या धुरानं आमचा आकडा वर चाललाय."

मल्लव्वानं त्यांच्याकडे बघितलं, गच्चीवरच्या डब्याकडे बघितलं. "आमी हितं कवाधरनं खोकतोय," ती म्हणाली, "आन् तुमच्या डब्याला आत्ता कळलं व्हय?" मग तिला जो खोकला लागला तो थांबेचना. दुसऱ्या बाईनं पाण्याचा तांब्या दिला. पाणी पिऊन ती म्हणाली, "चुली बंद कराया आलाव न्हवं? करा की. ह्या समद्या बायांच्या घरी जाऊन तुमीच सांगा, उद्यापासनं काम न्हाई म्हनून. माज्यानं व्हनार न्हाई ते." मी म्हटलं, तसं काही नाही, आम्ही नुसते बघायला आलोय. "बगायला लई येत्यात," ती म्हणाली आणि चुलीशी जाऊन बसली.  बाहेर आल्यावर साडू कितीतरी वेळ माझ्या स्कूटरला टेकून चष्मा पुसत राहिले.

तिथून ते माझ्या दुकानात आले आणि पुण्याला फोन लावला. साहेबांचा आवाज एवढा मोठा की गल्ल्यावर बसून मला सगळं ऐकू येत होतं. ते म्हणत होते, हा लोकल सोर्स आहे, ही शहराची हवा नव्हेच, रिजेक्ट करा. नाहीतर शेऱ्यात धुराचं कारण आणि पत्ता लिहून पाठवा, मी वर कळवतो, त्या चुली हलवतील. पेच माझ्यासारख्या टॉवेलवाल्यालाही कळला. आकडा बाद केला तर तो धूर नव्हताच असं ठरणार आणि मल्लव्वा खोकतच राहणार. कारण लिहिलं तर तिची शेड उठणार. आणि खोटं लिहायचं म्हटलं तर हा माणूस आमटीच्या मिठाबद्दलही खोटं बोलत नाही. साडूंनी तिथंच मोबाईलवर तो आकडा ग्राह्य केला आणि शेऱ्यात लिहिलं, 'या हवेत माणसं आहेत.' दुसऱ्या दिवशी साहेब कडाडले. माणसं आहेत हे काय कारण झालं? साडू शांतपणे म्हणाले, "मग साहेब, आपण हवा मोजतो कशाला?"

माझा राग तिथं पहिल्यांदा साडूंवरून सरकून दुसरीकडे गेला. पुण्याच्या गार खोलीत बसलेल्या माणसाला अहवाल गोरा हवा म्हणून भवानी पेठेच्या बायकांच्या छातीतला धूर पुसून टाकायचा? मी तावातावानं म्हटलं, चला, पेपरला देऊ. साडू म्हणाले, "पेपरात आलं तर शेड आधी उठंल. पत्र्याचं काम करणारा कोण ओळखीचा आहे का तुमच्या?" होता. मग साडूंनी धुराडं काढलं कागदावर, त्याची रुंदी, उंची, कोन, सगळं. पत्रेवाल्यानं चारदा विचारलं की साध्या धुराड्याला एवढं गणित कशाला. धुराडं बसवायच्या दिवशी गल्ली गोळा झाली होती. साडू खालून ओळंबा धरून ओरडत होते, "इल्ल, इल्ल, तसं न्हाई, अजून डावीकडं!" आणि वर पत्रेवाला शिव्या देत होता. शेवटी ते उभं राहिलं, चुली पेटल्या, आणि धूर मुकाट्यानं वर निघून गेला. शेडमध्ये त्या वेळेला एवढा उजेड कोणी पाहिला नव्हता. बायका एकमेकींची तोंडं बघून हसायला लागल्या. मल्लव्वा म्हणाली, "आता करपल्याली भाकरी झाकायची सोय ऱ्हायली न्हाई बगा." मग हातातलं काम टाकून तिनं साडूंच्या हातात भाकऱ्यांची चवड ठेवली. साडूंची कवळी आहे, त्यांना कडक भाकरी चावत नाही, पण त्यांनी ती छातीशी धरून घरी नेली.

आणि त्याच संध्याकाळी डब्याचा आकडा असा उसळला की आधीचा त्यापुढे काहीच नाही. का, तर धुराड्याचं तोंड बरोबर गच्चीवरच्या डब्याच्या समोर आलं होतं आणि पश्चिमेचा वारा सगळा धूर उचलून थेट नळीत ओतत होता. जन्मभर दुसऱ्यांची मापं बाद करत फिरणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं, ओळंबा लावून, स्वतःच्याच यंत्राच्या तोंडात धुराडं कोंबलं! मला आधी हसू आलं, मग यांचं कसं होणार याची काळजी लागली. साहेबांचा फोन आलाच. ते बोलायच्या आतच साडू म्हणाले, "साहेब, आजपासनं तो आकडा बाद करा."  कालपर्यंत जो आकडा मी बाद करा म्हणत होतो तो तुम्ही ग्राह्य धरत होतात, साहेब म्हणाले, आणि आज स्वतःच बाद म्हणता? "काल तो धूर बायकांच्या छातीत जात होता," साडू म्हणाले, "आज नुसता डब्यात जातोय. डब्याला खोकला येत न्हाई." फोन ठेवल्यावर मी विचारलं, वाऱ्याकडे तुमचं लक्ष कसं गेलं नाही? माझ्याकडे त्यांनी असं बघितलं, जणू मी त्यांची पट्टी झिजलीय म्हणालो. "वारा कुठला असतो हे मला ठाऊक नव्हतं व्हय, अण्णा?" तेव्हा कुठं मला ते 'अजून डावीकडं' आठवलं.

पुढची गोष्ट सांगताना मला अजून संताप येतो. कंपनीनं तो डबा शाळेवरून उचलला आणि गावाबाहेर कुंभारीच्या बाजूला मोकळ्या माळावर नेऊन ठेवला. तिथं धूर नाही, रहदारी नाही, शेळ्या चरतात. आकडे इतके छान येतात की सगळ्या अहवालाचा रंग उजळला. मग एक नवी प्रणाली आली, ती आकडे आपले आपण तपासते, आपले आपण शिक्के मारते आणि आपले आपण पाठवते. साडूंचं कंत्राट पुढे चालवायची गरज राहिली नाही. ते रागावले नाहीत, मीच रागावलो. म्हटलं, भांडा, निदान पत्र लिहा. म्हणाले, प्रणाली चांगली आहे, अण्णा, माझ्याहून लई भराभरा करते. फक्त ती गच्चीवर जात न्हाई. दिवाळीनंतर मेहुणी आणि ते हुबळीला लेकीकडे राहायला गेले. त्यांना स्टेशनवर सोडून आलो, तेव्हा वाटलं होतं, सुटलो. आता माझी पट्टी कोणी चाचपत नाही. चौकात आम्ही उन्हाचे हवे तेवढे अंश सांगतो आणि कोणी काही काढून घेत नाही, त्यामुळे त्यात पूर्वीसारखी मजाही राहिलेली नाही. माझ्या पेठेची हवा आता कशी आहे हे कोणत्याच कागदावर नाही. आम्ही ती घेतो आणि सोडतो, एवढंच.

पण संध्याकाळी अधूनमधून हुबळीहून फोन येतो. प्रकृती, पाऊस, लेकीची मुलं, असलं काही नाही. "अण्णा, धूर कुठं चाललाय?" एवढंच विचारतात. मग मी दोन जिने चढून गच्चीवर जातो. गुडघे बोंबलतात, बायको खालून विचारते या वयात कशाला, आणि मी मनातल्या मनात या माणसाच्या नावानं बोटं मोडत शेडकडे बघतो. धुराडं सरळ उभं असतं. खाली दारात मल्लव्वा सुपात भाकऱ्या लावत असते. तिचा खोकला पूर्ण गेलेला नाही, पण आता बोलता बोलता थांबावं लागत नाही. मी फोनवर सांगतो, वर चाललाय, सरळ. ते "बरं" म्हणतात आणि ठेवून देतात.

परवा पाय फारच दुखत होते. फोन आला तेव्हा मी पलंगावर पडलो होतो. म्हटलं, रोजचंच तर आहे, आणि पडल्या पडल्याच सांगितलं, "वर चाललाय, सरळ." पलीकडून 'बरं' आलं नाही. आला तो त्यांचा हळू, ओशाळलेला आवाज.

"अण्णा, राग मानू नका. पण आज तुमाला धाप कशी लागली न्हाई?"

मी उठलो आणि जिना चढायला लागलो.